शिर्डकावरचे बूट

बुरुलकानच्या तोंडाला आत-बाशी गावात सगळेच वचकून असत. गाव तिला 'एजे' म्हणे, म्हणजे थोरली बहीण. सामुदायिक शेती मोडली, नवराही गेला, तेव्हा लोकरीच्या पडीक शेडमध्ये पाच बायका जमवून तिनं नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेली जाड कापडं, करायला घेतले. सहा घरच्या चुली त्यावर पेटत. मदत कुणी केली? कुणी म्हणजे कुणी नाही!

त्या दिवशी बायकांनी सकाळीच लोकर पसरली, कढत पाणी शिंपडलं, काड्यांच्या चटईत गुंडाळून तुडवली. घोटभर चहाला घरी जाऊन येतात तर दाराला कुलूप. शेड म्हणे जिल्ह्याच्या ऑफिसनं एका व्यापाऱ्याला दिली, बाहेरून येणारे यंत्रावरचे गालिचे ठेवायला. आत अर्धवट दाबलेली लोकर निवत होती. एकदा पार निवली की ती एकजीव होत नाही. अख्ख्या वसंतात कातरलेली लोकर मातीत जाणार होती.

"चावी कुणाकडे?"

"एसेनबेककडे," पाच बायकांतली झीपारा म्हणाली. "तो सभागृहात आहे. आज लघुउद्योग दिन ना! तुझा सत्कार आहे तिथं, एजे."

"माझा सत्कार, आणि माझ्याच दाराला कुलूप?"

ओल्या बाह्यांनीच ती तरातरा निघाली. व्यासपीठावर जिल्ह्याचा अधिकारी एसेनबेक रंगात आला होता. "लहान उद्योग हाच देशाचा कणा!" आणि पायाखाली काय? नमद्याचे रंगीत तुकडे जोडून बुरुलकाननं शिवलेला शिर्डक! ज्याच्यावर नवरदेवसुद्धा पादत्राणं काढून येतो, त्यावर हा बाबा चिखलाचे बूट घालून उभा. तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

"या एजे, या!" त्यानं संगमरवरी मानचिन्ह तिच्या हातात कोंबलं. टाळ्या पडल्या.

"चावी दे."

"उद्या ऑफिसात या, बघू."

"लोकर उद्यापर्यंत थांबते का रे? तुझ्या आईनं सासरी आणलेल्या शिर्डकावर रांगलास तू. बूट काढ आधी!"

"एजे, लोक बघतायत."

"बघू देत की! कणा म्हणतोस आणि त्याच्यावरच उभा राहतोस? लाज कशी वाटत नाही मेल्या?"

तिनं शिर्डकाला असा हिसका दिला, की साहेब माइकसकट खाली बसले. सभागृह खो-खो हसलं. चावी मात्र मिळाली नाही. हसायला सगळे पुढे, तिच्या बाजूनं बोलायला एक नाही. याचाच तिला जास्त संताप आला.

खांद्यावर शिर्डक, काखेत मानचिन्ह, अशी ती तडक शेडवर आली. बायका दाराशी डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"रडताय काय? पाणी तापवा!" ती ओरडली. मग मानचिन्ह दोन्ही हातांनी उचलून कुलपावर घालत सुटली. शेवटी कुलूप तुटलं. दगडावर कोरलेलं तिचं नावही मधोमध फुटलं.

लोकर कडेनं निवली होती, मधे अजून ऊब होती. सगळ्या जणी बाह्या सारून दाबायला बसल्या.

"उद्या दुसरं कुलूप लावतील," झीपारा धापा टाकत म्हणाली.

"लावू देत. दगडाचा मोठा तुकडा उंबऱ्याशी ठेव," बुरुलकान म्हणाली, "आणि हात चालव."