शैलाताई पोलीस नव्हत्या

शैलाताईंना मी चुगलखोर समजत होते.

नुसतं समजत नव्हते. दुसऱ्यांना सांगतही होते.

आज पहाटे निडी गावी, त्यांच्या घरी त्या वारल्या. मी पोचले तेव्हा त्यांच्या भावाने एक वही माझ्या हातात ठेवली. "कॉलेजचं आहे काहीतरी. तुम्हीच बघा."

ती वही मी ओळखली. एके काळी मला तिची फार भीती वाटायची.

तेरा वर्षांपूर्वी मी पेणच्या कॉलेजात परत ॲडमिशन घेतली. वय बत्तीस. लग्नामुळे अर्धवट सुटलेलं बीए.

लायब्ररीच्या बाजूला एक खोली होती, आमच्यासारख्या परत आलेल्या बायकांसाठी. जुनी पुस्तकं मिळायची, फॉर्म भरून मिळायचे, इंग्रजीचा जादा तास व्हायचा. कोपऱ्यात एक चटई असायची, तिच्यावर कुणाचं तरी दीड वर्षाचं पोर झोपलेलं. खोली शैलाताई चालवायच्या.

आणि प्रश्न विचारायच्या.

"घरी कोण कोण असतं?"
"सासूबाई कारखान्यात किती वाजता बसतात?"
"तुझ्या वाटणीचं काम कोणतं?"

विचारायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या.

आमचा हमरापूरला गणपतीचा कारखाना. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "शिक, पण ऑर्डर अडली तर कॉलेज बंद." परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने लवकर निघतात. त्यांची घाई मार्च-एप्रिलला. परीक्षाही तेव्हाच.

त्यात जादा तासाचं मी घरी सांगितलं नव्हतं. गाडी लेट झाली म्हणायचे.

मग माझ्या सासूच्या वेळा या बाईला कशाला हव्यात?

माझ्या बाकावर कोलाडची सुगंधा बसायची. (नाव बदललंय.) ती म्हणाली, "पोलिसातली हाय वाटतं."

आम्ही खूप हसलो. तेव्हापासून शैलाताई म्हणजे 'पोलीस'.

जानेवारीत शेजारच्या बेबीवहिनींनी मला नळावर गाठलं.

"तुझी मॅडम येते गो तुझ्या सासूकडं. तू कॉलेजात गेलीस की."

"कधी?"

"दर गुरुवारी. तासन् तास असते. तुला नाय सांगितलं?"

नाही सांगितलं. आणि दर गुरुवारी ती खोली बंद असायची.

त्या दिवसापासून मी शैलाताईंशी मोजकं बोलू लागले. घरी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत बसायचे. जादा तासाचं कळलं असेल का? त्या काहीच बोलत नव्हत्या. त्याचीच जास्त भीती वाटायची.

सुगंधाला मी जिन्यात थांबवलं. "तिला काही सांगू नको. घरापर्यंत पोचते ती."

"मी काय सांगणार? माझं सगळं मस्तच हाय," ती म्हणाली. "नवरा मस्त, सासू मस्त. मीच तेवढी वाया गेलेली."

मस्त नव्हतं. तिची मुलगी चार वर्षांची, बालवाडी बाराला सुटायची. सासू हायवेवरच्या हॉटेलात कामाला. सांभाळणारी शेजारीण गावी गेली होती. हे तिने मला सांगितलं. फक्त मला.

फेब्रुवारीत सुगंधा यायची थांबली.

शैलाताईंनी मला विचारलं, "सुगंधा का येत नाही गं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत."

मला माहीत होतं.

मार्चमध्ये कारखान्यात माझ्या फळीवरच्या मूर्तींकडे लक्ष गेलं. सोवळ्याचे काठ रंगवायचं काम माझं. माझी रेघ बारीक असते. हे काठ जाडे होते, मध्येच थरथरलेले.

"आई, हे कुणी रंगवले?"

सासूबाई डोळ्यांची आखणी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या मॅडमने. तुझा वाटा मी भरते, तिला परीक्षेला बसू द्या, म्हणाली. हात वाईट हाय गो तिचा. पण गुरुवार चुकवत नाय."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि ती गाडी रोज लेट होत नाय, ते मला म्हायत हाय."

दुसऱ्या दिवशी मी शैलाताईंसमोर जाऊन उभी राहिले. विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू पुस्तक ठेवून ब्रश धरला असतास."

खरं होतं. तरी मला न विचारता माझ्या घरी जायला नको होतं, असं मला आजही वाटतं. त्यांना तसं बोललेही होते. त्या म्हणाल्या, "हो, चुकलंच."

मी पास झाले. माझी चूक मात्र मी त्यांना कधीच सांगितली नाही.

आज गाडीत वही उघडली. प्रत्येक बाईचं नाव आणि पुढे, तिचं कॉलेज कशामुळे सुटू शकेल आणि त्यावर काय करायचं.

माझ्यापुढे लिहिलंय: 'परदेशी ऑर्डर. सासूबाईंना भेटणे.' खाली वेगळ्या शाईत, 'काठ सरळ येत नाही.'

त्याच पानावर दुसऱ्या एकीपुढे: 'लहान मूल. खोलीत चटई टाकणे.'

आणि शेवटी सुगंधा. 'सगळं मस्त म्हणते. मग का येत नाही?'

पुढे जागा कोरी.

संध्याकाळी सुगंधाला फोन केला.

"शैलाताई गेल्या."

"कोण गो? आपली पोलीस?"

ती हसली. मग मी तिला सगळं सांगितलं. जिना, ती चटई, आणि माझं 'मला काय माहीत'.

"मुलगी बारावीला हाय आता," ती म्हणाली. "मला विचारते, आई तू का सोडलंस?"

"काय सांगतेस?"

"सांगते, सगळं मस्त होतं."

हे लिहू का, म्हणून विचारलं. म्हणाली, "लिही. पण नाव बदल. आणि शैलाताईंपासून मी लपवलं, तेपण लिही. एकट्या तुझ्या नावावर नको."

वहीतल्या त्या कोऱ्या जागेत मी आत्ता लिहिलं: 'मुलगी. बालवाडी बाराला सुटते.'

तुम्ही विचारलं होतंत, ताई. उत्तर माझ्याकडे होतं.

येते.