बाबांसाठी अक्षरं मोठी करताना

बाबांचं आणि माझं बोलणं आईच्या मार्फत चालायचं. "त्यांना विचार, जेवायला बसणार का?" "तिला म्हणावं, लाइटबिल भरून ये." आई गेली आणि मधलं टपालखातंच बंद पडलं. मी पुण्याची नोकरी सोडून नाशिकरोडला परत आले ती बाबांना सोबत म्हणून, असं नातेवाईक कौतुकाने सांगत. सोबत कसली डोंबलाची! एका घरात दोन माणसं, दोन खोल्यांत, आपापल्या तोंडाला कुलूप लावून.

घरी बसून मी परदेशातल्या लोकांच्या वेबसाइटी दुरुस्त करायचे. कुणाचं बटण खाली घसरलेलं, कुणाचा मजकूर चौकटीबाहेर सांडलेला. त्या सुमारास ब्राउझरला जोडायची काही एक्स्टेन्शन्स नवीनच निघाली होती. पानावरच्या कुठल्याही गोष्टीवर क्लिक केलं की तिचा रंग, आकार, समास, अशी सगळी कुंडली खाली उघडायची. तिथला एखादा आकडा बदलला की पान डोळ्यांदेखत बदलायचं, पण फक्त आपल्या पडद्यावर. मूळ मालकाला पत्ताही लागायचा नाही. मला याची भारी गंमत वाटायची आणि ती सांगायला कुणी नव्हतं. दिवसाकाठी माझा आवाज भाजीवालीपुरता निघायचा. मला घासाघीस जमत नाही, त्यामुळे तोही फारसा नाही.

बाबा नोटांच्या प्रेसमध्ये तपासणीला होते. छापलेला कागद उजेडात धरून त्यातली खोट काढायची, यातच सगळी नोकरी सरली. रिटायर झाल्यावर पेपर हाच त्यांचा उद्योग. पेपर उलगडायचेही अशा थाटात, की मधे कुणी तोंड उघडायची हिंमत करू नये. मग काचबिंदू निघाला. भिंग आलं, टेबलावर मोठा दिवा आला, आणि एके दिवशी पेपर घडी न मोडता दुपारपर्यंत तसाच पडून राहिला. मी विचारलं, "वाचून दाखवू का?"

"मला काय पाळण्यात घातलंयस?" म्हणाले.

हा स्वभाव माझ्यातही पुरेपूर उतरलाय, म्हणून मी परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पेपरची वेबसाइट उघडली. जाहिराती लपवल्या, फोटो लपवले, अक्षरं दुप्पट केली. पान पुन्हा उघडलं की माझी ही सगळी मेहनत पुसली जायची, तेव्हा आणखी एक एक्स्टेन्शन घातलं. ते माझे बदल लक्षात ठेवून रोज आपणहून लावायचं. बाबा पुढे झुकले. बराच वेळ पाहिलं आणि "हां" म्हणाले. आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नाही.

तेव्हापासून सकाळचा चहा झाला की बाबा माझ्या खोलीत यायचे. ते खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर.

"अजून थोडं मोठं कर."

मी आकडा वाढवायचे. "आता?"

"अजून."

एका ओळीत चार शब्द मावायचे, ते दोनावर आले. बाबा माउसचं चाक फिरवत राहायचे आणि मधेच सांगायचे, "विंचूरला कांद्याचा भाव पडला." किंवा, "इगतपुरीला पावसाने झोडपलंय." मी म्हणायचे, "हो का?" आई गेल्यापासून एवढं बोलणं झालं नव्हतं. त्या अर्ध्या तासाची मी आदल्या दिवशीपासून वाट बघायचे, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. आणि भीतीही वाटायची. अक्षर वाढवून वाढवून किती वाढवणार? एक दिवस पडद्यावर एकच अक्षर मावेल, तेही बाबांना दिसणार नाही, आणि मग ते आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतील.

एका सकाळी ते म्हणाले, "हा पांढरा उजेड डोळ्यांत घुसतोय." मी म्हटलं, त्यात काय, आत्ता पान काळं करते आणि अक्षरं पांढरी. पान काळं केलं, तेवढ्यात इस्त्रीवाल्याने बेल वाजवली. कपडे मोजून घेतले, एक उशीचा अभ्रा कमी भरला, त्यावरून थोडी हुज्जत घातली आणि परत आले.

बाबा पडद्याकडे बघत चाक फिरवत होते. पडदा काळाकुट्ट होता. अक्षरं पांढरी करायची राहूनच गेली होती. काळ्यावर काळं, एक रेघ दिसत नव्हती. मी दारातच थांबले. बाबांनी चाक थोडं उलटं फिरवलं, एखादी ओळ नीट कळली नाही की फिरवावं तसं. माझी चाहूल लागली तेव्हा म्हणाले, "आता बरं वाटतंय डोळ्यांना. गंगापूर धरणातनं पाणी सोडणारेत बघ."

हे मघाशीच बाबांच्या खोलीतल्या रेडिओवर सांगितलं होतं. मी ओट्यापाशी चहा गाळत होते, तेव्हा अर्धवट कानावर पडलं होतं.

"बाबा, पानावर काहीच नाहीये. सगळं काळं आहे."

त्यांचा हात माउसवरच राहिला.

"कधीपासून दिसत नाही?"

"झाले बरेच दिवस."

माझं डोकंच फिरलं. "मग सांगायचं नाही? रोज मला अक्षरं मोठी करायला लावायची आणि रेडिओवरचं ऐकवायचं? कशासाठी हे नाटक?" त्या घरात इतक्या मोठ्याने मी कधीच बोलले नव्हते.

बाबांनी मान माझ्याकडे वळवली, पण जरा चुकीच्या बाजूला. "सांगितलं असतं तर तू हे बंद केलं असतंस. मग मी इथे काय म्हणून येऊन बसायचं?"

मुलीच्या खोलीत येऊन बसायला बापाला निमित्त लागावं, असं घर आम्ही दोघांनी मिळून केलं होतं. मला रडू आलं आणि त्यांना ते दिसत नव्हतं, म्हणून मी ते पुसलंही नाही. स्टूल पुढे ओढलं, अक्षरं पांढरी केली आणि आकडा मुळात होता तेवढा खाली आणला. आता ती मला वाचायची होती.