तालमीच्या भिंतीवरचा जखमी जवान

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही — आणि तिला तर माझ्या घोरण्यापासून चोरून ओढलेल्या बिडीपर्यंत सगळं ठाऊक. तुम्ही अनोळखी, म्हणून सांगवेल बहुतेक. नाहीतर पुन्हा कच खाईन.

मी पेंटर. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागायच्या, त्यांचे पडदे माझ्या हातचे. काय दिवस होते ते! राजवाडा, कारंजं, घोड्यावरचा राजा. माझा राजा कधी म्हातारा झाला नाही, की धड जखमीही झाला नाही. तलवार लागली तरी कपाळावर कुंकवाएवढा लाल ठिपका. फडमालक खूश, पब्लिक खूश. मग मी कशाला वेगळं काही शिकतोय?

तेव्हाच आमच्या वस्तीतल्या पोरांनी तालमीच्या भिंतीवर लढाईचं चित्र काढायला सांगितलं. पिंपरी पेंढारच्या अलीकडची आमची वस्ती. नामदेवनाना रोज बघायला यायचे. नाना फौजेतून परतलेले, डाव्या पायाने अधू. टोमॅटोचं क्रेट पालथं घालून बसायचे, दोघांचा चहा सांगायचे आणि माझ्या जवानांना मनसोक्त हसायचे. "हे लढायला निघाल्यात का लग्नाला, राव?"

त्या हसण्याची मला अजून आठवण येते. फार येते.

एके दिवशी मात्र ते हसले नाहीत. फौजेतल्या एका जोडीदाराचं सांगू लागले, आहुप्याकडच्या. जखमी होऊन तो त्यांच्याच मांडीवर गेला. नानांची बाही मुठीत धरून होता, ती शेवटपर्यंत सोडली नाही. रक्त धुळीत मिसळून काळं पडलेलं. घोषणा नाही, काही नाही — नुसता कण्हत होता, लहान पोरासारखा. "सालोसाल मला हार घालत्यात, पेंटर. पर लई दुखलं का, आसं कुणी इचारलं न्हाई. तू काढ. म्हंजे मला सांगाया नको."

मी काढलं. कसं जमलं, देव जाणे. वासलेलं तोंड, बाहीवरची ती मूठ, आणि वर वाकलेला दुसरा जवान — मदतीला कुणी येतंय का बघणारा. नाना भिंतीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "व्हय. ह्योच." आयुष्यात माझ्या कामाला मिळालेली तेवढी एकच खरी दाद.

नंतर नाना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पुण्याला गेले. आणि इथे — कसं सांगू? उद्घाटन तोंडावर आलं. पाहुणे येणार, फडमालक येणार. मला वाटायला लागलं, लोक म्हणतील, हा कसला जवान, रडतोय की! पेंटरला जमलं नाही म्हणतील. कुणी म्हणालं होतं का तसं? नाही. एका माणसाने ब्र काढला नव्हता. भरदिवसा, माझ्याच हाताने मी तो चेहरा पांढऱ्या रंगाने बुजवला. वर मिशीला पीळ दिला, छाती फुगवली, बाहीवरची मूठ सोडवून तिच्यात झेंडा दिला. कपाळावर ठिपका. टाळ्या भरपूर पडल्या.

नाना परत आले, डोळ्याला हिरवी पट्टी. भिंतीसमोर उभे राहिले. "कुणी पुसलं रं?"

मी म्हणालो, "सरपंचांनी सांगितलं."

सरपंच म्हणजे दत्तोबा, नानांचा शाळेपासूनचा सोबती. रोजचा चहा दोघांचा टपरीवर एकत्र, एकमेकांची उणीदुणी काढत. नाना भांडले नाहीत, जाब विचारला नाही. नुसतं टपरीवर जाणं सोडलं. दत्तोबा दिसले की वाट बदलायचे — तो अधू पाय ओढत लांबच्या बांधाने जायचे. मी ते माझ्या ओट्यावरून बघायचो. एका वाक्याचं काम होतं, नाही का? ते वाक्य वर्षानुवर्षं माझ्या तोंडात राहिलं. आधी वाटायचं, उद्या सांगू. मग सांगायचीच लाज वाटू लागली.

मागच्या वर्षी नाना गेले. जलदान विधीला दत्तोबा आले आणि मांडवाच्या कडेला उभे राहिले. पुढे बसावं की नाही, हेच त्यांना कळेना. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पेंटर, तू त्याच्याजवळचा. मी आसं काय केलं व्हतं रं त्याला?" डोळे भरले होते त्यांचे.

मी म्हणालो, "मला कधी बोलले नाहीत."

दत्तोबा अजून आहेत. माझ्या घरापासून त्यांचं घर हाकेच्या अंतरावर. आज सकाळीही त्यांनी मला रामराम घातला, आणि मी घेतला.