सुनंदाचा गोल

फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी चालू होती. स्टाफरूममध्ये मी डबा उघडून बसलो होतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सकाळी नातेपुत्याला बहिणीकडे निघण्याआधी सुनंदानंच भरलेली. फोनवर तिची बहीण होती. "भावजी, तुम्ही आधी खाली बसा," ती म्हणाली. मी बसलेलोच होतो.

सुनंदाचं तेरावं उरकून पंधरवड्यानं शाळेत परत आलो. तिच्या कपाटात नववीच्या सहामाहीचा गणिताचा गठ्ठा होता, तपासून झालेला. एका पेपरातलं एकच उत्तर राहिलं होतं. त्याच्याभोवती तिनं पेन्सिलीनं गोल केला होता.

त्या गोलाचे किस्से आमच्या स्टाफरूममध्ये इतके साठलेत, की चहा संपतो पण किस्से संपत नाहीत. एकानं सांगितला की दुसरा म्हणतो, "हा तर काहीच नाही!"

आम्ही नवराबायको एकाच शाळेत. मी मराठी शिकवतो, ती गणित. शाळेत मी 'सर', ती 'मॅडम'. उत्तर चुकलं की शून्य, त्यात ती कुणाचं ऐकायची नाही. पण चुकीच्या उत्तरात काही विचार दिसला, तर गोल. म्हणजे त्या मुलाला बोलावून विचारायचं, "हे कसं सुचलं तुला?"

हेडमास्तर एकदा वैतागले. "मॅडम, एवढं आवडलंय तर अर्धा मार्क द्या की!"

"चूक आहे सर ते."

"मग बोलावता कशाला पोरांना?"

"मला कळावं म्हणून!"

*

गणित नेहमीचंच होतं. एका नळानं टाकी चार तासांत भरते, दुसऱ्यानं सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल?

मुमताजनं लिहिलं, "भरणार नाही."

गोल! बोलावणं!

"मॅडम, आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांनी येतंय. दोन नळ सोडले की दोन्हीची धार बारीक होते. मग शेजारची काकू भांडायला येती. एक बंदच करावा लागतो की!"

मुमताजला शून्य मिळालं. सुनंदा मात्र दिवसभर ज्याला त्याला विचारत होती, "या काकूंना समीकरणात कसं घ्यायचं हो?" विज्ञानाच्या सरांनी दोन ऑफ तास त्यात घालवले. काकू काही बसल्या नाहीत!

*

श्रीनिवासच्या घरी यंत्रमाग. फुलाची आकृती देऊन विचारलं होतं, सममितीचे अक्ष किती? त्याचं उत्तर, "समोरून चार, मागून चार."

"अरे, कागदाला मागून कुठून आले?"

"कागदाला न्हाय मॅडम, चादरीला. उलटी केली की रंग बदलतात. फूल तेच ऱ्हातंय."

सुनंदा घरी आली ती सरळ आत गेली. पलंगावरची चादर ओढली, उलटी केली आणि बघत उभी राहिली. "इतकी वर्षं अंगावर घेतोय आपण," ती म्हणाली. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला.

*

तुम्हाला वाटेल, तिचा हुशार मुलांवर राग होता. अजिबात नाही! एका मुलाला शंभरपैकी शंभर पडले. तिनं त्यालाही बोलावलं.

पोरगा घाबरला. "मॅडम, कुटं चुकलं?"

"कुठंच नाही. पण हे सुचलं कसं?"

त्यानं आधी खडू उचलला. मग म्हणाला, "हे कुणी कधी विचारलंच न्हाय." आणि सांगत सुटला. घंटा झाली, खेळाचा तास सुरू झाला, तरी हा फळ्यापाशीच. सुनंदा परत आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "शंभर मार्कांच्या खाली केवढं काय काय असतं हो!"

*

मी एम.ए.चा गोल्ड मेडलिस्ट. बघायला गेलो तेव्हा तिच्या मामांनी मेडलची चौकशी केली, आणि मी ती सविस्तर पुरवली. मग तिनं विचारलं, "बारा तासांत घड्याळाचे काटे किती वेळा एकमेकांवर येतात?"

मला कुठलं येतंय! म्हणालो, "आमच्या घरचं बंद आहे."

मामांचा चेहरा पडला. तिनं मात्र बशीच्या कडेवरून बोट गोल फिरवलं. त्याचा अर्थ मला लग्नानंतर कळला. पुढच्या सगळ्या संसारात असे आणखी दोनच गोल मिळाले. मेडल कपाटावर आहे.

*

पालकसभेला भाग्यश्रीचे वडील आले होते. होटगीला रेल्वेत सांधेवाले आहेत, गाडीचे रूळ बदलतात. मुलगी तिथून रोज येते, शेवटच्या बाकावर बसते, वर्गात तोंड उघडत नाही. घटक चाचणीत वीसपैकी तीन. पोरं तिला ढ म्हणतात.

"मॅडम, स्पष्ट सांगा. पोरगी हुशार हाय का ढ?"

"तीन मार्क आहेत."

"ते दिसलं की. ढ असंल तर मामाकडं केमला धाडतो, शिवण तरी शिकंल. उगं शाळेत कशाला?"

"सहामाही होऊ द्या," सुनंदा म्हणाली. "मग सांगते. तोवर कुठं पाठवू नका."

"तुमच्या शब्दावर ठिवतो," ते म्हणाले.

*

गठ्ठ्यातला तो पेपर भाग्यश्रीचा.

प्रश्न होता, दोन समांतर रेषा एकमेकींना किती बिंदूंत छेदतात?

तिनं लिहिलंय, "एका. पण तिथं कुणालातरी उभं राहावं लागतं."

मी मुलांना पेपर वाटले. मधल्या सुट्टीत भाग्यश्री स्टाफरूमच्या दारात आली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"सर, मॅडमनी गोल केलाय. मला बोलवणार हाय का?"

"बोलावतो," मी म्हणालो.

ती रोज मधल्या सुट्टीत दाराशी येऊन जाते. परवा तिचे वडीलही येऊन, मॅडम काय सांगणार होत्या ते विचारून गेले.

सुनंदाचा हा एकच गोल विचारायचा राहिलाय. मी तिला अजून विचारलेलं नाही.