तामराईसाठी पोरियल

मल्हार परमुलखातून आला तो बायको घेऊनच. एका ठेकेदाराच्या माणसांबरोबर तो तामिळनाडूत साखर कारखान्याच्या उभारणीला फिटर म्हणून गेला होता. काम संपवून परतला, तेव्हा लासुर्ण्याच्या स्टँडवर त्याच्या मागोमाग एक सावळी, सडपातळ मुलगी एसटीतून उतरली. हातात पत्र्याची पेटी. दोघं वस्तीवर पोचायच्या आधीच बातमी पोचली होती.

मल्हारच्या बापाने, सोनबाने, मेंढरं विकून ऊस लावला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण कळपामागं चालणाऱ्या माणसाचा हट्टीपणा गेला नव्हता. त्याने सुनेकडे पाहिलंदेखील नाही. "आपल्यात पोरी न्हवत्या का?" एवढंच मुलाला म्हणाला आणि उसाला पाणी द्यायला निघून गेला.

मल्हारची आई म्हाळसा शेरडांना पाला टाकत होती. तिने हात धुतले, भाकरीचा तुकडा आणला, दोघांवरून ओवाळून टाकला आणि मुलीच्या पायांवर पाणी घातलं.

"नाव काय गं तुझं?"

"तामरै."

म्हाळसाला ते तामराई असं ऐकू आलं. मल्हारने अर्थ सांगितला, कमळ. भावकीतली सारजा म्हणाली, "लक्ष्मी ठेव की. जिभंला सोपं."

"तिच्या आईनं ठिवलंय ते. आपून कशाला मोडायचं?" म्हाळसा म्हणाली. "तामराई. नावात आई हायच की."

मुलगी सासूला अत्तै म्हणायची. तिच्या मुलखात सासूला असंच म्हणतात हे कळल्यावर म्हाळसाला मोठी गंमत वाटली, कारण तीही आपल्या सासूला आयुष्यभर आत्याच म्हणत आली होती. एवढा एक शब्द दोघींना पुरला. बाकी सगळं हातवाऱ्यांवर चालायचं. मल्हारला वालचंदनगरच्या कंपनीत काम मिळालं आणि संसार लागला.

मग तामराईला दिवस गेले, आणि पोटात काही ठरेना. भाकरी वर यायची. काळ्या मसाल्याच्या कालवणाचा वास आला तरी ती तोंडाला पदर लावून गोठ्यामागं पळायची. चुलीपाशी उभं राहायचं म्हटलं की तिला घेरी यायची. अंगावरचं मांस उतरलं, डोळे खोल गेले. बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सांगितलं, "तिला आवडेल ते खाऊ घाला. काहीही असो, पोटात राहिलं पाहिजे."

"इचार तिला, काय खावंसं वाटतंय," म्हाळसा मल्हारला म्हणाली.

त्याने विचारलं. "काय नको म्हणती."

"तसं न्हवं. आईच्या घरी असती तर आज काय खाल्लं असतं, ते इचार."

या प्रश्नावर तामराईने तोंडावरचा पदर बाजूला केला. मग हळूच म्हणाली, "कोस पोरियल."

"कोबीची भाजी," मल्हार म्हणाला. "पर आपल्यावानी न्हाय. कशी करत्यात ते मला कुठं ठावं? मी आपला खात हुतो."

दुसऱ्या दिवशी म्हाळसा नेसतं लुगडं बदलून वालचंदनगरला गेली. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये ती याआधी कधी शिरली नव्हती. एका भाजीवाल्याला तिने विचारलं, "हितं मद्रासी बाई कुठं ऱ्हात्यात?" त्याने दाखवलेल्या दाराला कुलूप होतं. ती तशीच ओळीने दारं ठोठावत गेली. कुणी संशयाने पाहिलं, कुणी "काही नको" म्हणून दार लावून घेतलं. शेवटी एका दारात पांढऱ्या केसांच्या, नाकात दोन्हीकडे चमक्या घातलेल्या बाई उभ्या राहिल्या. त्यांचं नाव कामाक्षी. नवऱ्याच्या नोकरीपायी त्यांचं अर्धं आयुष्य इथंच गेलं होतं.

"माझी सून तुमच्या मुलखाची हाय," म्हाळसा म्हणाली. "पोटुशी हाय. काय खाल्लं तरी ठरत न्हाय. पोरियल मागती. मला शिकवा."

कामाक्षीबाईंनी दार पुरतं उघडलं. मग दारातून बाजूला झाल्या. "आत या."

त्यांनी कोबी बारीक चिरला आणि कढईत खोबरेल तेल ओतलं.

"आवं, हे डोक्याचं तेल," म्हाळसाने त्यांचा हात धरला.

कामाक्षीबाई हसल्या. "आमच्याकडे हे पोटाला पण चालते."

तेल तापल्यावर मोहरी. मग उडदाची डाळ, ती तांबूस झाली की लाल मिरची, कढीपत्ता. वर कोबी, मीठ, पाण्याचा हबका आणि झाकण. जरा मऊ झाला की खाली उतरवून ओलं खोबरं.

"मसाला?"

"नाही."

"शेंगदाण्याचं कूट?"

"ते पण नाही."

"मग चव कुठनं येती?"

"खाऊन बघा," म्हणत त्यांनी बशी पुढे केली. म्हाळसाने खाल्लं. तिला ते आजाऱ्याचं जेवण वाटलं, तरी तिने बशी संपवली. येताना कामाक्षीबाईंनी तेलाची बाटली, डाळ आणि दारच्या झाडाचा कढीपत्ता पिशवीत घालून दिला.

पहिल्या खेपेला चुलीच्या जाळावर डाळ करपली. ती शेरडांनीही हुंगून सोडली. नंतर कोबी शिजून गोळा झाला, कारण भाजी चांगली रटरटू द्यायची हाताची सवय जाईना. मग म्हाळसाने लाकडं मागं ओढली, नुसत्या निखाऱ्यावर कढई ठेवली आणि जागेवरून हलली नाही.

पडवीत पडलेली तामराई वासानेच उठून बसली. म्हाळसाने भातावर पोरियल वाढलं आणि उलटी झाली तर म्हणून शेजारी रिकामं पातेलं घेऊन बसली. तामराईने एक घास खाल्ला. थांबली. दुसरा खाल्ला. मग ती ताटावरून मान वर न करता खात राहिली. पातेलं लागलं नाही. जेवण झाल्यावर ती आपल्या भाषेत खूप वेळ काहीतरी सांगत होती, रडतही होती. म्हाळसाला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही. "व्हय गं, व्हय," म्हणत ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढे घरात रोजचंच झालं ते. तेलाच्या वासावरून सोनबा कुरकुरायचा, पण म्हाळसा लक्ष द्यायची नाही. एकदा तो मका घेऊन बारामतीच्या मार्केट यार्डात गेला, आणि संध्याकाळी येताना पिशवीभर नारळ घेऊन आला.

"कुणाला आणलं?" म्हाळसाने विचारलं.

"लागतंय न्हवं घरात?"

त्या दिवशी जेवताना त्याने सगळ्यांच्या ताटांकडे पाहिलं आणि सुनेपुढे आपलं ताट सरकवलं. "मला न्हाय का ते पांढरं?" तामराईने वाढलं. "बास, पोरी," तो म्हणाला. तिच्याशी तो बोलला, ते पहिल्यांदाच.

मुलगी झाली. या लग्नापायी तामराईच्या माहेरच्यांनी तिच्याशी संबंध तोडले होते, तरी म्हाळसाने कामाक्षीबाईंना एसटीडी बूथवर नेलं आणि तिकडच्या शेजाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवायला लावला. फोन परत परत लावला. बारशाला बाप आला नाही, आई आली. दोन दिवसांचा प्रवास करून आलेली ती बाई ओळख नसलेल्या घरात अंग चोरून बसली होती. पंगतीत म्हाळसाने तिच्या पानावर स्वतःच्या हाताने पोरियल वाढलं. तिने चाखलं, लेकीकडे पाहिलं. लेकीने नकाराची मान हलवली आणि सासूकडे बोट केलं.

बाईने हातातला घास संपवला आणि पानातल्या रिकाम्या जागेकडे खूण केली. म्हाळसाने तिथं आणखी एक डाव वाढला आणि ती पुढच्या पानाकडे वळली.