पाण्यावरच्या माणसाला कळवायचं नाही

अंजनवेलहून मी निघालो त्या सकाळी आप्पा एसटीच्या थांब्यापर्यंत आले. माझे वडील आप्पा, त्यांचा सगळा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये तेल घालण्यात गेला. निरोप घ्यायची त्यांना सवय होती, द्यायची नव्हती. गाडी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "हातात पाना असला की घर डोक्यात आणायचं नाय. बोटं तुटतात." आई मागे उभी होती. ती म्हणाली, "गाडी सावकाश चालव हां रे."

मी मोटरसायकलच्या शर्यतीत मेकॅनिक म्हणून जातोय, गाडी दुसराच कोणीतरी चालवणार, हे तिला दहा वेळा सांगून झालं होतं. उपयोग शून्य. आजही आमचा राउंड असला की ती हेदवीच्या गणपतीला हात जोडून सांगते, माझ्या मुलाची गाडी हळू जाऊ दे. आमची टीम कधीकधी का मागे पडते, ते मला माहीत आहे. टीमला अजून सांगितलेलं नाही.

चिपळूणहून गाडीत बसलो तो कोईमतूरला उतरलो. त्याला आता सात वर्षं झाली. सुरमईला इथे वंजरम म्हणतात, आणि ती मागताना मी आता अडखळत नाही. सकाळी इडली, दुपारी सांबारभात, रविवारी स्वतःच्या हातची आमटी, तीही कोकमं गावाहून आली असतील तर. खोलीमालकीण मला 'बॉम्बे तंबी' म्हणते, म्हणजे मुंबईचा धाकटा भाऊ. मुंबई कुठे, अंजनवेल कुठे, पण तिला समजावत कोण बसणार!

तुमच्यातले जे मस्कतला गेले, बोटीवर गेले, त्यांना हे सांगायला नको. आपलं काम घरच्यांना कधी नीट कळत नाही. चॅम्पियनशिपचा एक राउंड म्हणजे तीन दिवस: शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता फेरी, रविवारी शर्यत. तेवढ्या वेळात इंजिन दोनदा उघडायचं, दोनदा पुन्हा जोडायचं. तेलाच्या बोल्टला बारीक तार गुंफून पीळ द्यायचा, म्हणजे धावताना तो सुटत नाही. ती तार लावायची राहिली तर तेल ट्रॅकवर सांडतं, आणि मागून येणारी पोरं त्यावरून घसरतात. म्हणून त्या तीन दिवसांत मी घरच्यांशी कमी बोलतो. आप्पांना ते पटायचं. "राउंड कधी संपतो?" एवढं विचारून ते फोन ठेवायचे.

आमच्या घरात एक रीत होती, बोटीवर माणसं असलेल्या बऱ्याच घरांत असते. पाण्यावरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. तो तिथून येऊ तर शकत नाही, आणि त्याचा हात यंत्रात असतो. आजी गेली तेव्हा आप्पा आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी होते. ते मुंबईत उतरले, तेव्हा धक्क्यावर काकांनी त्यांना सांगितलं. तोवर पाच महिने ते आजीची खुशाली विचारत पत्रं लिहीत होते आणि आई 'सर्व ठीक' असं उत्तर पाठवत होती. आप्पांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मला लहानपणी ते फार मोठेपणाचं वाटायचं.

गेल्या वर्षी तीच रीत माझ्या वाट्याला आली.

शुक्रवारी दुपारी आप्पांच्या छातीत कळ आली. त्यांना चिपळूणला नेलं. मला कोणी कळवलं नाही. शनिवारी संध्याकाळी मी आपणहून फोन केला, तर माझी बहीण वैशाली म्हणाली, "आप्पा झोपलेत. तू आपलं काम बघ." मी काम बघितलं. रविवारी पहाटे आप्पा गेले. दुपारी आमची शर्यत झाली, आम्ही तिसरे आलो, पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती. मग वैशालीचा फोन आला. तिने आधी विचारलं, "संपला काय रे राउंड?"

मी पोचलो तेव्हा चुलतभावाने अग्नी देऊन एक दिवस उलटला होता. मी ओटीवर उभा राहून सगळ्यांना वाट्टेल ते बोललो. कोईमतूर म्हणजे काय भर समुद्र आहे? शुक्रवारी सांगितलं असतंत तर शनिवारी मी त्यांच्या उशाशी असतो! आई खाली मान घालून बसली होती. वैशाली म्हणाली, "आप्पाच बोलले होते, त्याला कळवू नका. त्याची मशीन उघडी असेल."

मी बॅग उचलून आत गेलो. पण मनातून राग गेला नाही. आपल्या बापाला शेवटच्या घटकेला आपण हवे नव्हतो, असं काहीतरी आत रुतून बसलं. त्या वर्षी मी गणपतीला घरी गेलो नाही. आईला फोन करायचो तो हवापाण्याचा. तीही तेवढंच बोलायची.

यंदा त्याच ट्रॅकवर राउंड होता. आमचा रायडर सेंथिल, तेवीस वर्षांचा, पहिल्या रांगेतून सुटणार होता. रायडरचा फोन आमच्याकडे मेकॅनिकजवळ असतो. गाड्या ग्रिडवर, म्हणजे सुटायच्या रांगांत, लागल्या, मी त्याच्यावर छत्री धरून उभा होतो, आणि माझ्या खिशातला त्याचा फोन थरथरायला लागला. थांबेचना. बाजूला होऊन उचलला, तर त्याची थोरली बहीण. ती रडत भराभरा तमिळ बोलत होती. मला दोनच शब्द पुरले: अप्पा, आस्पत्री. वडील, दवाखाना.

तेवढ्यात शर्यत सुटायला तीन मिनिटं उरल्याची पाटी वर झाली. आम्हा मेकॅनिकांना ट्रॅकबाहेर पडायचं होतं. सेंथिलने हेल्मेटची काच वर करून भुवया उडवल्या, काय झालं म्हणून. वर्षभर मी घरच्यांना ज्यासाठी शिव्या घातल्या, तेच मी केलं. मान हलवली. काही नाही. खरं सांगतो, चॅम्पियनशिपचे पॉइंट डोक्यात आलेच नाहीत. त्या पोराचा हात पहिल्या वळणावर थरथरला तर, एवढंच मला दिसलं.

तो दुसरा आला. पिटमध्ये, म्हणजे आमच्या गाड्या दुरुस्तीच्या जागी, हेल्मेट काढल्याबरोबर मी त्याला सांगितलं. त्याने एकच विचारलं, "तुला कधी कळलं?" मी म्हटलं, "ग्रिडवर." तो अंगातल्या चामड्याच्या सूटसकट गाडीत बसून निघून गेला. त्याचे वडील वाचले. पण तो फोन आता माझ्याकडे देत नाही, दुसऱ्या मेकॅनिककडे देतो.

त्या संध्याकाळी पिटच्या मागे बसून मी आईला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आई, आप्पा बोलले तेच बरोबर होतं. आज मीसुद्धा तेच केलं. माझा राग गेला."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "ते नव्हते रे बोलले तसं. मीच वैशालीला सांगितलं, तसं बोल म्हणून."

"मग आप्पा काय बोलले होते?"

"शनिवारी दुपारी शुद्धीवर होते. बोलले, दिनूला फोन लाव, त्याला बोलाव. मी बोलले, उद्या लावते, आज त्याचा हात मशीनमध्ये असेल. मला वाटलं, उठतील त्यातून. जन्मभर ती रीतच केली रे मी. दुसरं काय सुचलंच नाय."

मी ओरडणार होतो. शब्द तोंडाशी आले होते. पण दुपारी हलवलेली मान माझीच होती. आई रडत नव्हती; मी काय बोलतो त्याची वाट बघत होती. वर्षभर ती ही एवढी गोष्ट घेऊन त्या घरात एकटी राहिली होती, आणि मी तिला पाऊस किती झाला ते विचारत होतो.

मी विचारलं, "जेवलीस?"

"नाय अजून."

"मग वाढून घे. मी फोनवरच आहे."

तिने फोन शेजारी ठेवला असावा. पाटाचा आवाज आला, मग ताटाचा. ती जेवेपर्यंत मी ऐकत राहिलो. घर म्हटलं की आता मला एवढंच आठवतं: तिथे एक माणूस माझी वाट बघत होतं, आणि एक अजून बघतं आहे. परवाच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. राउंड पुढच्या आठवड्यात आहे, पण या खेपेला तो माझ्याशिवाय होईल.