मुंबईनं काढून टाकलेली गाडी

माझा थोरला भाऊ मुंबईत टॅक्सी चालवायचा. माझं माहेर महाडजवळच्या तुडीलचं. शेत होतं, पण दोन भावांचे संसार चालतील एवढं नव्हतं, म्हणून दादा विशीतच मुंबईला गेला. सतरा वर्षं त्यानं एकच गाडी चालवली, डिझेलवरची काळी-पिवळी. एका एप्रिलच्या दुपारी तीच गाडी महाडात माझ्या दारात येऊन उभी राहिली. टपावर गाद्या आणि पत्र्याची पेटी बांधलेली, मागच्या सीटवर वहिनी, आणि तिच्या मांडीवर शिलाई मशीनचं डोकं.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"मुंबईतून काढलं," दादा म्हणाला. "मला नाय, गाडीला. पण तेच ना ते."

चहा पिताना त्यानं सगळं सांगितलं. मुंबईच्या हवेत धूर फार झाला म्हणून कोर्टाचा हुकूम आला होता. जुन्या डिझेल टॅक्सी बंद. धंदा करायचा तर इंजिन बदला, गॅसवर घ्या, नाहीतर गाडी भंगारात द्या. त्याच्या बरोबरीच्या कितीतरी जणांनी गॅस बसवून घेतला. दादानं घेतला नाही. पनवेल सोडलं की गॅसचा पंप कुठे नव्हता, मग गणपतीला गावी कसं यायचं, असं तो म्हणत होता. पण खरं कारण त्यानं कप खाली ठेवताना सांगितलं.

"सतरा वर्षं लोक ह्याच गाडीतनं फिरले. बायका अडल्या तेव्हा ह्याच गाडीनं दवाखान्यात गेल्या. तेव्हा धूर दिसला नाय कोणाला. आता म्हणतात भंगारवाल्याला दे. मी नाय देत."

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. मला दादाचं म्हणणं मनापासून पटलं. ज्या शहरानं माणसाला सतरा वर्षं राबवलं, त्यानं त्याला एका कागदानं वाटेला लावायचं, याची मला चीड आली. माझे यजमान म्हणाले, "कोर्टाचा हुकूम आहे, आपण काय करणार?" मी म्हटलं, "हुकूम मुंबईला आहे. महाडला नाही."

गाडी टॅक्सीची खासगी करून घ्यायची तर पेणच्या आरटीओ कार्यालयात जावं लागे. अर्ज मी लिहिले आणि प्रत्येक खेपेला दादाबरोबर मीच गेले. तिथला कारकून माणूस चांगला होता, पण कंटाळलेला.

"बाई, एवढी जुनी गाडी कशाला सांभाळता? भंगारात द्या, सुटाल," तो म्हणाला.

"आपल्या जिल्ह्यात बंदी असेल तर तसा कागद दाखवा," मी म्हटलं. "नसेल तर शिक्का द्या."

असा कागद त्याच्याकडे नव्हता. तिसऱ्या खेपेला शिक्का मिळाला. दादानं स्वतःच्या हातानं ब्रश मारून गाडी पांढरी केली. दारं उघडली की आतल्या कडेला जुना काळा रंग दिसायचा. तो त्यानं मुद्दाम ठेवला होता.

मग त्यानं गाडी वरंधच्या रस्त्याला वडापला, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी न्यायला लावली. त्या रस्त्यावरच्या एका गावात माझी शाळा होती. खासगी गाडीत प्रवासी भरणं नियमात बसत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण एसटी दिवसातून तीनदाच यायची, आणि तीही आली तर. दादाची गाडी आल्यापासून गावातल्या बायका बाजार करून दुपारच्या आत घरी परतू लागल्या. कॉलेजला जाणाऱ्या मुली महाडला खोली न घेता घरून जाऊ लागल्या. मी रोज पुढच्या सीटवर बसून शाळेत जायचे. "बाईंचा भाऊ" म्हणून दादाला मान होता आणि "दादांची बहीण" म्हणून मला. मुंबईला नको झालेली गाडी आमच्या खोऱ्यात किती उपयोगाची आहे, हे मी भेटेल त्याला सांगत होते.

वर्षभरात चित्र पालटलं. आमच्या भागातली जी माणसं मुंबईत टॅक्सीवर होती, त्यांतली बरीच तशीच गाड्या घेऊन परतली. काहींनी तिथं कोणालाच नको असलेल्या गाड्या इकडे आणल्या. बघता बघता त्या रस्त्याला सात गाड्या झाल्या. थांबा होता शाळेसमोरच्या आंब्याखाली. तिथं सावली होती आणि गावची वाटही तिथंच मिळायची. महाडहून आलेली गाडी तिथं वळायची आणि प्रवासी भरेपर्यंत उभी राहायची. कधी अर्धा तास, कधी तास. आणि तेवढा वेळ इंजिन चालूच.

माझा चौथीचा वर्ग रस्त्याच्या बाजूला होता, आंब्यापासून वीस पावलांवर. आधी आवाजाचा त्रास व्हायला लागला, पाढे ओरडून घ्यावे लागायचे. मग एक दिवस मी टेबल पुसलं आणि फडक्याकडे बघत राहिले. ते काळंकुट्ट झालं होतं. आदल्याच दिवशी मी ते धुऊन आणलं होतं. पहिल्या ओळीत एक मुलगी बसायची, अक्षर मोत्यासारखं, पण गेल्या पावसापासून तिचा खोकला हटत नव्हता. तिची आई तिला महाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हिला धुरापासून लांब ठेवा. त्या आईनं चुलीजवळ मुलीला फिरकू देणं बंद केलं. आणि रोज सकाळी तिला माझ्या वर्गात पाठवत राहिली.

मी रस्त्याकडच्या खिडक्या बंद केल्या. मार्चमध्ये त्या बंद वर्गात मुलं घामानं निथळायची आणि धूर दारातून यायचाच.

दादाला मी गाडीतच विचारलं, शाळेत जाताना. "उभा असतोस तेव्हा इंजिन बंद का नाही करत?"

"बंद केली की चालू होत नाय," तो म्हणाला. "बॅटरी म्हातारी, इंजिन म्हातारं. धक्का मारायला लागतो. रोज दहा वेळा कोण धक्का मारणार?"

"मुलांना त्रास होतो, दादा."

त्यानं गियर बदलला. मग म्हणाला, "मुंबईवाल्यांनी पण हेच सांगितलं होतं."

त्याच्यासाठी पेणला तीन खेपा मारणारी मीच होते. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः त्याच गाडीनं येता. तुम्ही काय बोलणार?" त्याचं वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळच्या पहिल्या एसटीनं यायला लागले. दादानं कारण विचारलं नाही. ग्रामपंचायतीत अर्ज दिला, त्याला उत्तर आलं नाही. सगळ्या चालकांना एकत्र बोलावलं. ते अदबीनं ऐकून घेत, "होय बाई" म्हणत, आणि जाऊन इंजिन चालू ठेवत.

मग एका शनिवारी, सकाळच्या शाळेला, मी चौथीच्या मुलांना म्हटलं, "आपापली बसकरं घ्या. आज वर्ग आंब्याखाली." मुलं खूश झाली. थांब्याची जेवढी जागा होती तेवढ्यावर मी त्यांना ओळीनं बसवलं आणि फळा खोडाला टेकवून ठेवला. खोकणाऱ्या मुलीला मागं, शाळेच्या भिंतीजवळ बसवलं. पहिली गाडी नेहमीप्रमाणे दादाचीच आली. त्यानं प्रवासी उतरवले, वळण घेतलं आणि मुलं बघून ब्रेक मारला. हॉर्न वाजवला. मुलं माझ्याकडे बघू लागली.

"भागाकार चालू आहे," मी म्हटलं. "खाली बघा."

दादा उतरला. "काय चाललंय गो हे?"

"वर्ग."

"रस्त्यावर?"

"आत बसवत नाही. तूच आत जाऊन बस थोडा वेळ, खिडकी उघडून."

तोवर मागं दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. महाडला जायला निघालेली माणसं जमली. एक म्हातारी पावट्याच्या शेंगांची पाटी डोक्यावरून उतरवत म्हणाली, "बाई, तुला पगार हाय म्हणून ही थेरं सुचतात. माझा बाजार उठला म्हंजे मी कोणाच्या तोंडाकडं बघू?" तिचं खोटं नव्हतं. मी तिला म्हटलं, "आजी, गाडी जाऊ दे की महाडला. फक्त इथं उभी राहून धुमसायला नको." सरपंच लुंगीवरच धावत आले.

"बाई, पोरं आत घ्या. लोकांची सोय हाय ती."

"सोय मीही वापरली आहे. इंजिन बंद करायला सांगा, मी आत जाते."

"बंद केली तर चालू होत नाय ना."

"मग जिथं चालू होते तिथं उभी करा. तुमच्या दारात करा."

सरपंचांनी मान फिरवली. दादा अजून तिथंच उभा होता. तो मुंबईहून आला त्या दिवशी होता, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"म्हंजे तू पण हाकलतेस," तो हळू म्हणाला.

"तुला नाही. धुराला."

"सांगितलं ना तुला, तेच ते."

"तेच नाही, दादा," मी म्हटलं. "मुंबईच्या पोरांनी तो धूर घ्यायचा नाही, म्हणून तो इथं पाठवला. आपण तो माझ्या पोरांच्या नाकापुढं आणून उभा केला. तुझ्यावर अन्याय झाला म्हणून मी भांडले. आता ह्यांच्यावर होतोय, तर भांडायचं नाही?"

तो गाडीत बसला, मिळतील ते प्रवासी घेतले आणि निघून गेला. मी वर्ग पुरा घेतला. घरी गेल्यावर दार लावून रडले, हेही सांगून टाकते. पण सोमवारी पुन्हा बसकरं बाहेर काढली. मंगळवारीही. काही पालकांनी मुलं पाठवणं बंद केलं. खोकणाऱ्या मुलीची आई मात्र बुधवारी स्वतः येऊन मुलांच्या मागं जमिनीवर बसली. तिच्या मागोमाग आणखी चार बाया आल्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं.

गुरुवारी दादाची गाडी आंब्यापाशी थांबलीच नाही. ती पुढं गेली, सुमारे तीनशे पावलं, ओढा ओलांडून रस्ता चढतो त्या चढाच्या माथ्यापर्यंत. तिथं वळवून त्यानं ती उताराच्या तोंडाशी उभी केली, चाकाखाली दगड लावला आणि इंजिन बंद केलं. सगळे बघत होते. गाडी भरली तसा त्यानं दगड काढला, ब्रेक सोडला, गाडी उताराला लागली आणि निम्म्या वाटेत गियर टाकताच इंजिन धडधडून चालू झालं. ना बॅटरी लागली, ना धक्का. वर डिझेल वाचलं. आठवड्यात बाकीच्या सहाही गाड्या उतारावर उभ्या राहू लागल्या. डोक्यावर पाटी घेतलेल्या बायांना तीनशे पावलं जास्त चालावं लागलं आणि त्याबद्दल त्यांनी मला पुष्कळ वर्षं ऐकवलं. मी ते ऐकून घेतलं. उलट बोलण्याचा हक्क मला नव्हता.

दादा माझ्याशी सात महिने बोलला नाही. भाऊबीजेला तो येईल की नाही, याची धाकधूक होती. आला. ओवाळून झाल्यावर म्हणाला, "उताराचं मला आधी सुचायला हवं होतं. रागात सुचलं नाय." त्याच्याकडून एवढं खूप झालं. पुढं चार वर्षं त्यानं ती गाडी चालवली. शेवटी चासी गंजून मोडली, तेव्हा इंजिन काढून तुडीलला नदीकाठी पंपाला जोडलं. भंगारवाल्याला त्यानं ती दिली नाहीच.

आता विजेवरच्या गाड्यांचं कौतुक मी वाचते. शहरं स्वच्छ होणार, डिझेल हद्दपार होणार. होऊ दे. मला त्याचा आनंदच आहे. पण हद्दपार म्हणजे कुठे, हा प्रश्न मी विचारत राहणार. शहराच्या वेशीबाहेर रिकामी जागा नसते. तिथं शाळा असतात. जुनी गाडी काढायची तर तिच्या चालकाला नवी गाडी द्या आणि ती चालेल अशी सोय आमच्या रस्त्यालाही करा. तेवढं न करता घातलेली बंदी म्हणजे आपल्या घरचा केर शेजारच्या अंगणात लोटणं.

मुलांना रस्त्यावर बसवल्याबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला होता. मी चार ओळी लिहिल्या आणि त्यासोबत ते काळं फडकं घडी करून पाकिटात घातलं. त्यावर पुढं कारवाई झाली नाही. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात मात्र "स्वभाव हट्टी" असा शेरा आला. मुख्याध्यापकांनी तो मला संकोचानं दाखवला आणि म्हणाले, हरकत घ्यायची असेल तर अर्ज करा. मी म्हटलं, "हरकत नाही," आणि खाली सही केली.